गोष्ट लिहिणाऱ्यानेच रडीचा डाव खेळला तर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या सदरात एका वाचकांनी लिहिलं होतं की अ‍ॅनिमेशनच्या पिक्चरमध्ये लॉजिक शोधणाऱ्यांना दुसरे उद्योग नाहीत, पऱ्या आणि ड्रॅगन आले की डोकं बाहेर ठेवायचं आणि आत जायचं, मुलं दोन तास रमली की पैसे वसूल. ते पत्र मी दोनदा वाचलं आणि खरं सांगते, वाईट वाटलं. कारण हे पिक्चर मी गेली कित्येक वर्षं माझ्या भाचीबरोबर बघतेय, ती आता नऊ वर्षांची आहे, तिच्या मैत्रिणीही कधीकधी असतात, आणि डोकं बाहेर ठेवून बसणारं मूल मला त्यात अजून एकही भेटलेलं नाही. आम्ही मोठेच मध्ये मोबाइल बघतो, मुलं पडद्यावरून नजर हटवत नाहीत आणि जे बघतात ते लक्षातही ठेवतात.

एक प्रसंग सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. आम्ही 'स्लीपिंग ब्यूटी' बघत होतो, जुना, १९५९ चा. गोष्ट माहितीच आहे सगळ्यांना, राजकन्येच्या बारशाला आपल्याला बोलावलं नाही म्हणून मॅलिफिसंट शाप देते की सोळाव्या वाढदिवसाला सूर्य मावळायच्या आत हिच्या बोटाला चरख्याची चाती टोचेल आणि ही मरेल, मग एक परी त्या मरणाची झोप करते, राजा राज्यातले सगळे चरखे जाळून टाकतो आणि तीन पऱ्या त्या बाळाला जंगलात नेऊन सोळा वर्षं सांभाळतात, तेही जादू न वापरता, कुणाला पत्ता लागू नये म्हणून. एवढी तपश्चर्या झाली आणि मग सोळाव्या वाढदिवशी, सूर्य अजून मावळायचाय, तेवढ्यात तिघी तिला राजवाड्यात परत आणतात, आणि ती रडतेय म्हणून तिला खोलीत एकटीला सोडून बाहेर जातात!

भाचीनं माझ्या हातातून रिमोट घेतला आणि पॉज केलं. "मावशी, अंधार पडल्यावर आणायचं ना हिला. थोडाच वेळ राहिला होता."

मी म्हटलं अगं, त्यांना वाटलं असेल आता आलोच राजवाड्यात, आता काय होतंय.

"सोळा वर्षं नाही वाटलं आणि आजच वाटलं?" मग ती जरा थांबली आणि तिनं जे विचारलं ते मी आजतागायत विसरलेले नाही. म्हणाली, "हे जादूमुळे झालं का लिहिणाऱ्यामुळे?"

तेव्हापासून हा प्रश्न आमच्याकडे रुळलाय. कुठलाही पिक्चर बघताना काही खटकलं की आधी हे ठरवायचं, जादूमुळे का लिहिणाऱ्यामुळे. आणि ह्या मुलीनं ड्रॅगन उडतो कसा, आरसा बोलतो कसा, भोपळ्याची गाडी कशी होते असले प्रश्न आजवर एकदाही विचारलेले नाहीत, तिथं तिची काहीच हरकत नसते. हरकत कुठं असते, तर सूर्य मावळेपर्यंत धोका आहे हे एकदा सांगून झाल्यावर त्या पिक्चरमधलीच माणसं ते विसरतात तेव्हा. मुलं खेळतात तेव्हा बघा, अर्धा वेळ नियम ठरवण्यात जातो, ह्या फरशीवर उभं राहिलं की आउट नाही, टाइमप्लीज एकदाच, भिंतीला हात लावला तरच राज्य सुटणार, आणि मग मध्येच कुणी नियम बदलला की सगळी एका सुरात ओरडतात, रडीचा डाव! फँटसी पिक्चरचं अगदी तसंच आहे असं मला वाटतं. नियम काय वाट्टेल ते ठेवा, खेळ तुमचा आहे, पण एकदा ठेवलात की ते तुम्हालाही लागू.

आता गोष्टीतली सगळीच भोकं, म्हणजे असे न जुळणारे दुवे, सारखी नसतात हेही खरं. काही मी मनापासून सोडून देते. सिंड्रेलाचा काचेचा बूट घ्या. बारा वाजले की सगळं होतं तसं होणार असं परी स्वतः सांगते, गाडीचा भोपळा होतो, घोड्यांचे उंदीर होतात, झग्याच्या चिंध्या होतात, मग बूटच तेवढा कसा शिल्लक? फ्रेंच लेखक शार्ल पेरोनं १६९७ साली छापलेल्या गोष्टीतही तो तसाच राहतो, म्हणजे हे भोक सव्वातीनशे वर्षं जुनं आहे आणि इतक्या पिढ्यांनी ते चालवून घेतलंय. एकानं मला सांगितलं की बाकीच्या वस्तू आधी दुसरं काहीतरी होत्या म्हणून त्या परत तशा झाल्या, बूट मुळात नव्हताच, त्याला परत काही व्हायचंच नव्हतं. पिक्चरमध्ये असं कुठं म्हटलेलं नाही पण मला हे उत्तर आवडतं, आणि मुख्य म्हणजे बूट राहिल्यामुळे कुणी मूर्ख ठरत नाही. सिंड्रेला तीच राहते, सावत्र आई तीच राहते. 'स्लीपिंग ब्यूटी'मध्ये चरखे जाळल्यावर सोळा वर्षं त्या राज्यात सूत कुठून येत होतं हेही तसलंच, आणलं असेल बाहेरून, जाऊ दे.

'द लिटल मर्मेड' मात्र मला जाऊ देता येत नाही. १९८९ चा पिक्चर, माझा लाडका. जलपरी एरियल समुद्रातल्या चेटकिणीला, उर्सुलाला, आवाज देते आणि पाय घेते, तीन दिवसांत राजपुत्राचं खरं प्रेम मिळवायचंय, बोलता येत नाही म्हणून सगळा जीव टांगणीला. पण उर्सुलाच्या करारावर तिनं सही केलेली आपण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली असते, क्लोजअपमध्ये, नीट अक्षरांत. मग लिहून का नाही सांगत, की बाबा रे तुला बुडताना वाचवलं ती मीच? कुणी म्हणेल समुद्रातली लिपी वेगळी असेल. असेल की! पण मग एक सीन टाका, ती वाळूवर काहीतरी लिहिते आणि त्या राजपुत्राला, एरिकला, ते नुसत्या रेघोट्या वाटतात, दहा सेकंदांचं काम आहे, आणि त्या दहा सेकंदांत तिची तगमग अजून वाढली असती. मला खरा त्रास होतो तो इथंच, की बऱ्याचदा भोक बुजवायला जे लागतं त्यानं गोष्ट आणखी चांगली झाली असती.

अर्थात बुजवतानाही डोकं लावावं लागतं. 'ब्यूटी अँड द बीस्ट' १९९१ चा. त्यात सांगतात की शापानं पशू झालेल्या राजपुत्राच्या एकविसाव्या वर्षापर्यंत तो जादूचा गुलाब फुललेला राहणार, आणि पुढं नोकर गाण्यात म्हणतात आम्ही दहा वर्षं गंजत पडलोय. करा वजाबाकी. म्हणजे शाप मिळाला तेव्हा तो अकरा वर्षांचा पोरगा होता, रात्री दारात आलेल्या अनोळखी म्हातारीला आत घेतलं नाही म्हणून ही शिक्षा, आणि बरोबर सगळ्या नोकरांनाही, ज्यांनी काहीच केलं नव्हतं. शिवाय भिंतीवरच्या फाडलेल्या चित्रात तर तो चांगला तरुण दिसतो. आणि एवढा मोठा वाडा गावापासून घोड्याच्या अंतरावर असून गावात कुणालाच आठवत नाही. २०१७ च्या रिमेकमध्ये त्यांनी हे मनावर घेतलं, जादूगारणीनं वाड्यातल्या माणसांची आठवणच त्यांच्या जवळच्यांच्या मनातून पुसून टाकली असं दाखवलं. माझं मत विचाराल तर हे ठिगळ नुसतं ठिगळ राहिलं नाही, कारण शेवटी शाप सुटल्यावर गावातली माणसं धावत येऊन आपापल्या विसरलेल्या माणसांना मिठ्या मारतात तेव्हा मला भरून आलं होतं. वजाबाकी चुकली म्हणून सुरू झालेली गोष्ट आणि त्यातून हे निघालं.

पण मला मुळात बोलायचंय ते व्हिलनबद्दल. कारण हिरोकडून चूक झाली तर आपण समजून घेतो, लहान आहे, घाबरलाय, प्रेमात आहे. व्हिलनचं तसं नसतं, तो दीड तास आपल्याला हेच सांगत असतो की मी सगळ्यांत हुशार आहे. मग शेवटच्या वीस मिनिटांत तो असं काहीतरी करतो की जे त्याच्या स्वतःच्याच फायद्याचं नाही, आणि हिरो जिंकतो. ह्यात हिरोचं काय राहिलं? समोरच्यानं स्वतःहून पत्ते उघडे टाकले आणि आपण जिंकलो तर आपल्याला तरी त्याचा आनंद होतो का?

'फ्रोझन', २०१३. हान्सचं उदाहरण मी मुद्दाम घेते कारण पिक्चर चांगला आहे आणि शेवट तर फारच चांगला आहे. बारा थोरले भाऊ असलेला राजपुत्र, स्वतःच्या घरी गादी मिळायची आशा नाही, म्हणून राजकन्या ॲनाशी लग्न करून राज्य मिळवायचं हा बेत. बेत चांगला आहे, मला पटतो. ॲनाच्या हृदयात बर्फ शिरलाय, खऱ्या प्रेमाच्या कृतीनंच तो वितळणार, सगळ्यांना वाटतं म्हणजे चुंबन, म्हणून तिला हान्सकडे आणतात. आता हान्सच्या जागी बसून बघा. त्याचं तिच्यावर प्रेम नाही हे त्याला पक्कं माहितीये. म्हणजे चुंबन घेतलं तरी ते लागू पडणार नाही हेही उघड आहे. त्यानं फक्त चारचौघांसमोर तिला जवळ घ्यायचं, चुंबन घ्यायचं, ती मेल्यावर रडायचं. एकही खोटा शब्द बोलावा लागला नसता आणि सगळा दरबार त्याच्या बाजूनं उभा राहिला असता. त्याऐवजी तो काय करतो? तिला सगळा बेत सविस्तर समजावून सांगतो, चुलीतली आग विझवतो, आणि ती जिवंत असताना दाराला कुलूप लावून निघून जातो. बाहेर येऊन सांगतो ती माझ्या हातांत गेली, मरायच्या आधी आम्ही लग्नाच्या शपथा घेतल्या. आणि त्या खोलीत मंत्री, परदेशी पाहुणे, एवढे सगळे उभे असताना एक माणूससुद्धा म्हणत नाही की चला, राजकन्येचं शेवटचं दर्शन घेऊ. तिकडं ओलाफ, तो बर्फाचा जिवंत बाहुला, आपल्या गाजराच्या नाकानं कुलूप उघडून आत आलेलासुद्धा असतो!

ह्या सीनला मी भाचीकडे बघितलं तर ती सोफ्यावर पुढं सरकून बसली होती, आणि म्हणाली, "हा का सांगतोय तिला?" बस, एवढंच. उत्तर एकच आहे, तो तिला सांगत नाहीये, तो आपल्याला सांगतोय, कारण आपल्याला कळायला दुसरा रस्ता लेखकांनी ठेवलेला नाही. उलट आधी तर त्यांनी आपल्याला फसवलंय. पहिल्या भेटीत ॲना निघून गेल्यावर हान्स पाण्यात पडतो, वर डोकं काढतो आणि ती गेली त्या दिशेनं बघून हसतो, अगदी प्रेमात पडल्यासारखा. तिथं त्याला बघणारं कुणी नाही. मग ते हसू कुणासाठी? व्हिलननं हिरॉइनला फसवावं, तो त्याचा धंदाच आहे, पण एकटा असतानाचा चेहरा खोटा दाखवला तर तो लेखकांनी प्रेक्षकाशी केलेला रडीचा डाव झाला, आणि मला तो सगळ्यांत जास्त लागतो.

आता ह्याच्यासमोर १९३७ ची 'स्नो व्हाइट' ठेवते. जवळजवळ नव्वद वर्षं जुना पिक्चर. राणी शिकाऱ्याला सांगते मुलीला मार आणि तिचं काळीज ह्या पेटीत घालून आण. शिकाऱ्याला ते जमत नाही, तो डुकराचं काळीज आणतो. राणी काय करते, तर पेटी हातात धरून आरशासमोर जाते आणि विचारते. आरसा सांगतो हे डुकराचं आहे. म्हणजे ती विसंबून राहत नाही! पुढं कुणावर सोपवतही नाही, स्वतः रूप बदलून, स्वतःचं सगळं सौंदर्य टाकून जाते. आणि विषारी सफरचंद तयार करताना तिला आठवतं की ह्यावर उतारा असेल, ती पोथी काढून उतारा वाचते, प्रेमाचं पहिलं चुंबन, आणि विचार करते की त्याचा धोका नाही, बुटके तिला मेलेली समजून पुरून टाकतील. बघा किती बरोबर हिशेब आहे. तिनं सगळं धरलंय. फक्त एक गोष्ट तिच्या डोक्यात येऊच शकत नाही, की बुटक्यांचा तिच्यावर इतका जीव असेल की त्यांच्याच्यानं तिला पुरवणार नाही, ते तिला काचेच्या पेटीत ठेवतील आणि रोज तिच्यापाशी बसतील. राणी तिथं हरते. तिच्या हिशेबात माया हा आकडाच नव्हता. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती आणि मग तिनं तो शेवट पुन्हा लावायला सांगितला.

मला व्हिलनची चूक अशी हवी असते. चूक व्हायलाच हवी, नाहीतर गोष्ट संपायची कशी, पण ती त्याच्याच स्वभावातून यावी.

'अलादीन'मधला जाफर, १९९२. त्याला आयुष्यभर एकच दुखणं, आपण कायम दुसऱ्या नंबरवर. सुलतान होतो, तरी पुरत नाही, सगळ्यांत मोठा जादूगार होतो, तरी पुरत नाही, आणि अलादीन नेमकं तिथंच बोट ठेवतो, म्हणतो तुझ्यापेक्षा जिनी मोठा आहे. झालं, जाफर तिसरी इच्छा मागतो, मला जिनी कर, आणि जिनी झाल्याबरोबर दिव्यात अडकतो, कारण जिनी म्हणजे दिव्याचा गुलाम हा नियम पहिल्यापासून आपल्याला सांगितलेला. आपल्या भस्मासुराची गोष्ट हीच तर आहे. मोहिनी नाचते, तो तिच्यासारखा नाचतो, ती डोक्यावर हात ठेवते, तो ठेवतो. लहानपणी आजीनं ही गोष्ट सांगितली तेव्हा मला एकदाही वाटलं नाही की भस्मासुर असा मूर्ख कसा, कारण त्या क्षणी तो मोहिनीशिवाय दुसरं काही बघतच नव्हता हे कळत होतं. हिरण्यकश्यपूचंही तसंच, घरात नाही बाहेर नाही, दिवसा नाही रात्री नाही, माणूस नाही पशू नाही, आणि मग उंबरठ्यावर तिन्हीसांजेला नरसिंह. एकही नियम न मोडता. लहान मुलं ह्या जागी जी खूश होतात ना, ती उगाच नाही.

ह्याच्या उलट 'हर्क्युलिस', १९९७. हेडीस म्हणजे मेलेल्यांचा देव, पाताळाचा मालक. भविष्य सांगणाऱ्या तिघी त्याला सांगतात की अठरा वर्षांनी तुझा बेत यशस्वी होईल पण हर्क्युलिस मध्ये पडला तर हरशील. म्हणून तो दोन नोकरांना बाळाला मारायला पाठवतो, त्यांच्याकडून ते फसतं, ते घाबरून सांगतच नाहीत, आणि हेडीस इतकी वर्षं समजून चालतो की हर्क्युलिस मेला. अहो पण मेलेला माणूस जातो कुठं? ह्याच्याचकडे ना! शेजारच्या खोलीत जाऊन बघायचं होतं. नोकर घाबरले हे मला पटतं, पण देवाला स्वतःच्या घरात कोण आलं न आलं हे कळत नसेल तर मग त्याची भीती कसली वाटणार? आणि गंमत म्हणून चालतं असं म्हणाल तर 'स्लीपिंग ब्यूटी'मध्येही अशी गंमत आहे, मॅलिफिसंटचे शिपाई सोळा वर्षं राजकन्येला शोधतात आणि शेवटी कळतं की ते अजून पाळणेच तपासतायत. पण तिथं ती हसता हसता चिडते, त्यांना फोडून काढते आणि लगेच आपल्या कावळ्याला शोधायला पाठवते. चूक कळल्यावर ती हुशारासारखी वागते, म्हणून तिची भीती कमी होत नाही. (त्या पऱ्यांचा मला अजून राग आहे तो आहेच.)

'टँगल्ड', २०१०, ह्याबद्दल मला स्वतःला उत्तर सापडलेलं नाही. गॉथेलनं राजकन्या पळवून मनोऱ्यात ठेवली, केसांतल्या जादूनं ती तरुण राहते, तिला बाकी काही नको. सुंदर व्हिलन आहे, मारझोड नाही, आरडाओरडा नाही, नुसतं गोड बोलून मुलीला पटवत राहते की बाहेरचं जग वाईट आणि तू दुबळी. असली माणसं खरी असतात म्हणून ती जास्त घाबरवते. आणि तरी अठरा वर्षं तिनं रापुन्झेलला तिचा खरा वाढदिवस सांगितला! राजा-राणी हरवलेल्या मुलीच्या वाढदिवशी दरवर्षी हजारो दिवे आकाशात सोडतात, मनोऱ्याच्या खिडकीतून ते दिसतात, आणि मुलगी विचारते की हे नेमके माझ्याच वाढदिवसाला का. एक आठवडा पुढची तारीख सांगितली असती तर दिवे म्हणजे नुसते दिवे राहिले असते. मी भाचीला म्हटलं, मग गोष्टच झाली नसती गं. तर तिचं उत्तर, "हो, पण ते गॉथेलला कुठं माहीत होतं?" म्हणजे आपण एका गोष्टीत आहोत आणि ती पुढं सरकायला हवी हे पात्राला माहीत नसतं, तिनं तिच्या फायद्याचंच बघायला हवं. मी इतकी पुस्तकं वाचली, मला हे इतक्या सरळ शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

चांगलं लिहिणारे हे किती सहज करतात ते बघायचं असेल तर हयाओ मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे' बघा, २००१ चा. युबाबा म्हणजे सगळ्यांना धाकात ठेवणारी चेटकीण, माणसांचा तिला तिटकारा, चिहिरोचे आईबाप आधीच डुकरं होऊन बसलेत. ती ह्या पोरीलाही सहज डुक्कर करू शकते, मग नोकरी का देते? एका वाक्यात उत्तर आहे, जो कुणी काम मागेल त्याला काम द्यायचं अशी शपथ तिनं कधीतरी घेतलेली आहे आणि ती स्वतःच त्यावर चडफडते. म्हणून तर तिला मदत करणाऱ्या हाकूनं चिहिरोला आधीच बजावलेलं असतं की काहीही झालं तरी काम मागत राहा. भोक बुजलं, युबाबा शब्दाला बांधलेली आहे हे कळलं, आणि पोरीचा हट्ट हेच तिचं शस्त्र झालं. तसंच 'कुंग फू पांडा', २००८. तुरुंगातला व्हिलन ताय लंग सुटेल ह्या भीतीनं गुरू शिफू एका हंसाला तुरुंगात निरोप द्यायला पाठवतो की पहारा वाढवा, एक कैदी आणि हजार पहारेकरी असलेला तुरुंग, आणि त्या हंसाचं एक पीस खाली पडतं, त्याच पिसानं ताय लंग बेड्यांचं कुलूप उघडतो. म्हणायला गेलं तर योगायोगच, पण शिफूची भीती नसती तर ते पीस तिथं आलंच नसतं, म्हणून ते खटकत नाही. आकाशवाणी ऐकून कंस जे जे करत गेला त्याचीच जात. आणि २०२२ च्या 'पुस इन बूट्स: द लास्ट विश'मधला लांडगा तर कमाल. तो साक्षात मृत्यू आहे. पुस ह्या बोक्यानं आपल्या नऊपैकी आठ आयुष्यं फुकट घालवली ह्याची त्याला चीड, म्हणून नववं तो वेळेआधीच न्यायला आलाय. शेवटी पुस पळायचं सोडून उभा राहतो, आणि लांडग्याच्या लक्षात येतं की आपल्याला ज्याची चीड होती तो हा राहिलाच नाही. तो निघून जातो. हरलेला नाही, पुन्हा भेटूच असं सांगून जातो, आणि ते तर खरंच आहे.

ही भोकं राहतात कशी ह्याचाही मी थोडा विचार केलाय. अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला चोवीस फ्रेम, आणि फ्रेममधलं पान न् पान कुणीतरी ठरवून बनवलेलं, कॅमेऱ्यासमोर चुकून काही येत नाही. पण गोष्ट मात्र वर्षानुवर्षं बदलत असते. 'टॉय स्टोरी'चं सगळ्यांत चांगलं उदाहरण आहे, १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये कच्चा पिक्चर डिस्नीला दाखवला तेव्हा त्यातला हिरो वुडी इतका खडूस होता की काम थांबवून गोष्ट नव्यानं लिहावी लागली, आणि आज तो किती जणांचा जीव की प्राण आहे. 'फ्रोझन'मध्ये ॲनाची बहीण एल्सा आधी व्हिलन होती, तिचं ते गाणं लिहून झालं आणि ते ऐकून करणाऱ्यांनाच वाटलं ही वाईट असू शकत नाही, मग सगळी गोष्ट फिरवली. मला ह्याचं कौतुकच आहे. गाण्यानं पात्र वाचवलं, किती सुंदर गोष्ट आहे ही! पण एवढं सगळं हलवल्यावर एखादा खांब आपल्या जागेवर आला की नाही हे बघायचं राहून जातं, आणि एकदा सीन पूर्ण रंगून तयार झाला की तो परत करायचा म्हणजे प्रचंड खर्च. म्हणून राहतं तसंच. मला हे समजतं. पण मग त्याबद्दल कुणी बोललं पाहिजे ना, म्हणजे पुढच्या वेळेला कच्च्या स्टोरीबोर्डवरच, म्हणजे सीन नुसत्या चित्रांत मांडतात तेव्हाच, कुणीतरी विचारेल की हा तिला हे का सांगतोय.

म्हणून संपादकसाहेब, माझी मागणी तुमच्याकडे आहे. तुमच्या पुरवणीत मोठ्यांच्या पिक्चरवर अर्धं पान येतं, पटकथा कुठं ढिली पडली, खलनायक कसा उभा केलाय, सगळं. मुलांचा पिक्चर आला की चार ओळी, रंग छान, अ‍ॅनिमेशन भन्नाट, गाणी गोड, मुलांना जरूर दाखवा. एवढ्यावर का थांबता? व्हिलनला काय हवं होतं आणि त्यानं जे केलं त्यातून ते मिळणार होतं का, एवढे दोन प्रश्न समीक्षकांनी प्रत्येक वेळी विचारावेत, शेवट न फोडतासुद्धा हे लिहिता येतं. आणि ज्या वाचकांच्या पत्रामुळे मी हे सगळं लिहायला बसले त्यांनाही विनंती, पुढचा पिक्चर घरातल्या एखाद्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाबरोबर बघा, मध्ये त्यानं पॉज केलं तर गप्प बस म्हणू नका, काय विचारतंय ते ऐका.

आमच्याकडे ह्या रविवारी 'टँगल्ड' परत लागणार आहे. वाढदिवसाचं उत्तर पिक्चरमध्येच कुठंतरी असेल आणि आपल्याच नजरेतून सुटलं असेल असं भाचीला वाटतंय, म्हणून ह्या वेळी ती वही घेऊन बसणार आहे. तुमच्या कुणा वाचकाला सापडलं असेल तर जरूर कळवा, मी तिला वाचून दाखवीन.

आपली,
एक नियमित वाचक